उजव्या पायाची विश्रांती

पहिल्यांदा तो माझ्या पायांशी बोलला.

मी एका लॉरीच्या डॅशबोर्डखाली उताणी पडले होते. तोंडात टॉर्च, आणि बाहेर फक्त गुडघ्याखालचे पाय. कुणीतरी दारातून विचारलं, "दादा, गाडीचं वायरिंग इथंच करतात ना?"

मी टॉर्च काढली. "इथंच. पण दादा नाही, ताई करते."

"माफ करा हं. बूट बघून फसलो."

सरकत बाहेर आले. डोक्यावरचा रुमाल धुळीनं माखलेला होता, तो सारखा केला. दारात उंचसा माणूस उभा होता, सगळा भार डाव्या पायावर टाकून. हातात माझ्या आईच्या हातगाडीवरचे गरम केरोपोक, म्हणजे आमच्याकडच्या माशाच्या तळलेल्या कांड्या. खाता खाता दुकानाची पाटी दिसली, म्हणून आत आला होता.

त्याचं नाव हैकल. आमच्या डुंगुन गावापासून जवळच, केर्तेहच्या तेल कारखान्यात नोकरी. बाहेर त्याची जुनी, पेटीसारखी चौकोनी व्होल्व्हो उभी होती. मूळचं इंजिन दमल्यावर त्यानं मित्रांच्या मदतीनं तिच्यात जपानी इंजिन बसवलं होतं.

"गाडीला नवं काळीज मिळालं," तो म्हणाला, "आणि पुढच्याच महिन्यात मी शिडीवरून पडलो. घोट्यात स्क्रू आहेत. तासभर ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की पंजा आहे की नाही तेच कळत नाही."

"मग लांब जाऊ नका."

"आई राउबला, इथून चार-पाच तासांवरच्या गावी एकटी असते. ड्युरियनच्या काटेरी फळांची बाग सोडून यायला तयार नाही. दर आठवड्याला जावंच लागतं." त्यानं केरोपोकची पिशवी माझ्यापुढे धरली. "क्रूझ कंट्रोल बसवून द्याल? पाय काढला तरी गाडीनं वेग धरून ठेवायला हवा. नाही जमलं, तर महिनाअखेर राजीनामा देतो आणि गावी जातो कायमचा."

मी एक तुकडा घेतला. तो कायमचा गेला असता तर माझं तेव्हा काहीच बिघडणार नव्हतं. काम अवघड वाटलं, म्हणून घेतलं.

ॲक्सिलरेटरची तार ओढणारी एक मोटार असते, तिला चालवणारा एक डबा असतो. त्या डब्याला गाडीचा वेग कळायला हवा, आणि ब्रेक किंवा क्लच दाबताच तार सोडून द्यायला हवी. पण इंजिन एका देशाचं, गाडी दुसऱ्या देशाची. वायरींचे रंग जुळायचं नावच घेत नव्हते. हैकल सुट्टीच्या दिवशी येऊन शेजारी स्टुलावर बसायचा आणि कुठली वायर कुठं गेली ते सांगायचा. निम्मं चुकीचं सांगायचा.

"ही तर हॉर्नची आहे," मी एकदा म्हणाले.

"म्हणजे मी चुकलो, की तुम्हाला मला अजून थोडा वेळ बसवून घ्यायचंय?"

"स्टूल तुमच्याखाली आहे. बसलंय कोण?"

तो हसला. मी मान खाली घालून टेप गुंडाळत राहिले... गरजेपेक्षा चार वेढे जास्तच.

गाडी चालवून बघायची वेळ आली तेव्हा आई हातगाडीवरचा जाळ विझवून पदर खोचल्यासारखी उभी राहिली. "बिनलग्नाची पोर परक्या माणसाबरोबर हायवेला? मी मागे बसते."

"आई, काम आहे ते."

"कर की काम. मी कुठं वायर धरणारे?"

हायवेवर मी बटण दाबलं. दिवा लागला. हैकलनं पाय काढला, आणि गाडी हळूहळू मंदावली. परत केलं, तेच. वेगाचा सिग्नल तपासला, ठीक होता. पुढच्या आठवड्यात क्लचचा स्विच बदलला, तरीही तेच. परतताना हैकल मधूनमधून मांडी चोळत होता.

दुकानाशी उतरल्यावर तो म्हणाला, "रोहायू, राहू दे. तू खूप केलंस." त्याच्या बोलण्यातली 'ताई' गेली होती, 'तुम्ही'ही गेलं होतं. मला ते ऐकू आलं, आणि त्याबरोबरच राजीनामाही ऐकू आला.

"कुठं चाललास?" माझा आवाज चढला. "परत गाडीत बस, ब्रेक दाब. दाबून धर."

का म्हणाले कुणास ठाऊक. चिडून गाडीच्या मागे गेले. ब्रेकचे दिवे लागले, लख्ख, गरजेपेक्षा फारच लख्ख.

"हे बल्ब कुणी बदलले?"

"मी. एलईडी आहेत. छान दिसतात ना?"

"मूर्खा!" मी जवळजवळ नाचले. "हा डबा जुन्या बल्बच्या आतल्या तारेतून अर्थिंग शोधतो, एलईडीत ती तारच नसते. ते सापडलं नाही की त्याला वाटतं ब्रेकची वायरच तुटली. मग तो वेग धरतच नाही!"

"तुमची पोरगी मला मूर्ख म्हणतेय," हैकल आईला म्हणाला.

"ती सगळ्यांना नाही म्हणत," आई म्हणाली.

जुने बल्ब घातले. पुन्हा तिघं निघालो. समुद्राकडून वारा येत होता, रस्ता सरळ होता. बटण दाबलं... तार ताणली गेली, गाडीनं वेग धरला. आधी मी त्याला ब्रेकवर पाय टेकवायला लावला, सुटलं. क्लचनंही सुटलं. परत धरलं. मगच म्हणाले, "आता पाय काढ."

त्यानं उजवा पाय खाली सपाट टेकवला. इतके आठवडे त्याचा चेहरा कायम थोडा आवळलेला असायचा, हे मला तो सैल झाल्यावर कळलं.

मग रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, "राजीनामा नाही देत. पण एक वाईट झालं. तुझ्याकडे यायला आता कारण उरलं नाही."

माझे कान तापले. मागे केरोपोकच्या पिशवीची कुरकुर थांबली; आई ऐकत होती.

"कारण नसताना ये," मी म्हणाले.

"एकटा नाही येणार. आईला घेऊन येईन. रीतसर विचारायला."

"काय विचारायला?"

"रोहायू..."

"नाही, सांग ना. मला वायरींचं कळतं, बाकीचं सोपं करून सांगावं लागतं."

"तू माझ्याशी लग्न करशील का, ते विचारायला."

मी काचेबाहेर बघितलं. माडांची रांग एकाच वेगानं मागे जात होती. "ये," मी म्हणाले. "उत्तर हो आहे. पण तुझ्या आईसमोर मला पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करावं लागेल."

"फाटा!" मागून आई ओरडली. "अरे, आपला फाटा मागे गेला!"

हैकलचा पाय ब्रेककडे गेला आणि तिथंच थांबला. पुढचा फाटा बराच लांब होता. त्यानं आरशातून आईकडे बघितलं.

आईनं पिशवी पुन्हा उघडली. "चालू दे," ती म्हणाली. "घरी कोण वाट बघतंय? आपण तिघंही इथंच आहोत."