दोन हात सरकलेलं दार

“आधीच सांगून ठेवतो, यावर तुमच्यातला एकही विश्वास ठेवणार नाही!” रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसलेले आजोबा म्हणाले. “याच फळ्यांवर एक दार होतं, आणि ते आपल्या पायांनी चालायचं!”

“दाराला पाय?” सुट्टीतल्या नाट्यशिबिराचं शेंडेफळ पुढे सरकलं. नऊ वर्षांची ती, हातात फळा पुसायचं डस्टर.

“मधे तोंड घालायचं नाही. ऐक.” आजोबांनी बैठक ठीक केली आणि गोष्ट सुरू झाली.

खूप वर्षांपूर्वी, अशाच सुट्टीत, एका तेरा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदाच नाटक बसवायला मिळालं. नाटक बारा मिनिटांचं, पण तिची तयारी अशी, जणू ते बारा दिवस चालणार होतं! खिशात सदैव खडू, म्हणून सगळे तिला खडूच म्हणत. कोण कुठे उभं राहणार, तिथे फुली. कोण कुठे वळणार, तिथे बाण. नेपथ्यही तिचंच. इवल्याशा रंगमंचाच्या मधोमध चौकटीत बसवलेलं एक दार. बस्स! अबोला धरलेले भाऊ-बहीण त्या दाराच्या दोन बाजूंना उभे, एवढंच नाटक.

भाऊ झाला होता भोंगा. तो कुजबुजला तरी रस्त्यावरची कुत्री दचकून उठत. बहीण झाली होती पुटपुटी. तिचं बोलणं तिच्या स्वतःच्याच कानापर्यंत पोचत नसे.

“भोंग्या, हळू! ‘माझं चुकलं’ हे काय ओरडून सांगायचं असतं?”

“हळूच तर बोललो!” भोंगा गरजला.

प्रयोगाला दोन दिवस उरले असताना दार पहिल्यांदा चाललं. मुलं जेवून येऊन बघतात तो काय! दार दोन हात डावीकडे, पार भिंतीला खेटून, आणि त्याच्याखाली खडूची ताजी फुली!

“तूच चुकीच्या जागी फुली मारलीस,” भोंगा म्हणाला.

“माझी फुली कधी इतकी वाकडी असते का?” खडू तडकली.

त्यांनी दार ढकलत जागेवर आणलं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पुन्हा तेच! शिबिराच्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “अगं, दार भिंतीला चिकटलं तर भाऊ उभा राहणार कुठे? भिंतीत? उद्या प्रयोग आहे. आज संध्याकाळपर्यंत नीट बसलं नाही, तर तुझी बारा मिनिटं गाण्यांना देऊन टाकते!”

खडूने वही उघडली. ते दार तिने वहीत तीस वेळा काढलं होतं.

“आज बाईंची चहाची वेळ झाली, की रंगमंच पुन्हा रिकामा होईल,” ती म्हणाली. तिघांनी दार पुन्हा मधोमध आणलं. मग तिने तीन खडू वरवंट्याने कुटावेत तसे कुटले, ती पूड दाराभोवती पसरली आणि तिघंही खुर्च्यांखाली आडवी झाली.

पाच मिनिटं गेली. पावलं वाजली. दार कुरकुरलं, पुडीचा ढग उठला आणि... आक्छी! आक्छी! तिसरी शिंक तर अशी, की तिच्या शेपटाला शिट्टी वाजली!

“धरा!” भोंगा ओरडला. त्या आवाजाने म्हणे तीन खिडक्यांच्या काचा तडकल्या. दाराला टेकून पांढराफटक उभा होता दिवेवाला! लांबलचक मिशांचा, वीस वर्षं याच सभागृहात दिवे लावणारा.

“का पण, काका?” खडूने विचारलं.

तो खोक्यावर मटकन बसला. “मोठ्या दिव्याचा स्क्रू गंजलाय गं पोरी. महिनाभर तेल घालायचं विसरलो, आणि बाईंना सांगून बसलो की सगळं ठीक आहे. दिवा दाराकडे वळेना, म्हणून दारच दिव्याकडे नेलं. खाली फुलीही मीच मारली.”

खडूच्या जिभेवर चार कडक शब्द आले होते. एक हाक मारली की बाई धावत आल्या असत्या. पण तो आपल्या तेलकट बोटांकडे बघत होता. तिने नजर दुसरीकडे वळवली. उजेडाचा गोल डाव्या भिंतीपाशीच हटून बसला होता.

“पुटपुटे,” ती सावकाश म्हणाली, “मेकअपच्या खोलीतला आरसा भिंतीवरून निघतो का गं?”

“निघतो!” पुटपुटी म्हणाली. आणि नवल म्हणजे, ते सगळ्यांना ऐकू आलं!

संध्याकाळी दार मधोमध उभं राहिलं, आरशातून त्याच्यावर उजेडही पडला. बाईंनी मान डोलावली.

प्रयोगाच्या दिवशी आरसा धरायला खडूच बसली. त्याचा कोन फक्त तिलाच ठाऊक होता. पण आरसा तोंडासमोर, त्यामुळे स्वतःचं पहिलं नाटक तिला दिसेचना! नुसतं ऐकू येत होतं. हात भरून आले, थरथरू लागले. आरसा थरथरला तसा दारावरचा उजेडही थरथरला. तो बघून भोंगा थबकला, आणि पहिल्यांदाच अगदी हळू म्हणाला, “माझं चुकलं.”

सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. आरशामागे खडूने डोळे मिटून घेतले. हे मात्र तिने वहीत काढलं नव्हतं.

नंतर बाईंनी तिला जवळ घेतलं. “शाबास! तो थरथरता उजेड कसा गं सुचला तुला?”

खडूने क्षणभर दिवेवाल्याकडे पाहिलं. “दिवेकाकांच्या मदतीने जमलं,” ती म्हणाली. टाळ्या तर सात दिवस थांबल्या नाहीत!

“आणि तो दिवेवाला?” शेंडेफळाने विचारलं.

“तो? गेला बोटीवर, सातासमुद्रापार. मी आपला पहिल्या रांगेत बसून नाटक बघत होतो.”

शेंडेफळाने आजोबांच्या लांबलचक मिशांकडे पाहिलं. मग हातातलं डस्टर जोरात फळीवर आपटलं. पांढरा ढग उठला.

आक्छी! आक्छी! आणि तिसरीला शिट्टी वाजली.

“खोटं, आजोबा, साफ खोटं!” ती टुणकन उडी मारून ओरडली. “दिवेवाला कुठ्ठे गेला नाही! तो इथेच बसलाय!”