चार-दोन-सात-एक

शिकागोच्या मोठ्या विमानतळापासून तीस मैलांच्या आत उडायचं तर विमानात ट्रान्सपॉन्डर लागतो. रडारने विचारलं की हा डबा विमानाला त्या उड्डाणापुरता दिलेला चार आकडी क्रमांक आणि उंची कळवतो. दर दोन वर्षांनी तो तपासून घ्यावा लागतो, आणि ते माझं काम.

ऑर्विल सॉलबर्ग यांचं विमान मी तिसऱ्यांदा तपासत होते. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको मार्लिस दुसरं विमान घेऊन मिशिगन सरोवरावर गेली, ती परत आली नाही. ना विमान सापडलं, ना ती. तेव्हापासून हे विमान हँगरमधून हललेलं नव्हतं.

"उडवत नाही, मग तपासणी कशाला करता?" मी विचारलं.

"स्वतःच्याच पोटावर पाय आणतेस की काय, ग्रेटा?" ते हसले. मग म्हणाले, "मार्लिसला आवडायचा नाही डबा बिघडलेला. आपण कुणाला तरी दिसत असलो पाहिजे, म्हणायची."

ऑक्टोबरातली दुपार. शेजारच्या शेतातल्या मळणीयंत्राने उडवलेली मक्याची धूळ फटींतून आत येत होती. मी तपासणी यंत्र मांडलं. डब्याने नीट उत्तर दिलं: बाराशे हा नेहमीचा क्रमांक, उंची सातशे फूट. हँगरची जमीन समुद्रसपाटीपासून तेवढीच उंच. मी डबा बंद केला.

यंत्रावर पुन्हा उत्तर आलं.

"चार-दोन-सात-एक," मी वाचलं. "एकोणतीसशे फूट. हे कुठलं मध्येच?"

माझ्या यंत्राचा आवाका पंचवीस पावलांचा. मी विमानाच्या बॅटरीची तार काढली. चार-दोन-सात-एक. अठ्ठावीसशे.

ऑर्विल हळूच स्टुलावर बसले. "त्या दिवशी कंट्रोलरने मार्लिसला हाच क्रमांक दिला होता. मी इथे रेडिओ लावून ऐकत होतो."

"हे क्रमांक रोज कुणाला ना कुणाला मिळतात, ऑर्विल."

"ठाऊक आहे." मग त्यांनी विचारलं, "खाली येतेय?"

"हो."

माझा हात यंत्राच्या बटणाकडे गेला.

"राहू दे ना, पोरी. एवढंच."

मी हात मागे घेतला. दोन हजार. अठराशे. त्यांनी उठून बाजूचं छोटं दार उघडलं. आभाळ निरभ्र, रिकामं. इंजिनाचा आवाज नाही. त्यांनी शर्ट नीट खोचला, केसांवरून ओला तळवा फिरवला.

हजार.

नऊशे. मी मोठ्याने वाचायचं थांबले होते.

"सांग ना," ते पाठमोरेच म्हणाले.

"आठशे."

बाहेरचं मळणीयंत्र बंद पडलं.

"सातशे."

आकडा तिथेच थांबला. ऑर्विल बराच वेळ दारात उभे होते. मग त्या अरुंद चौकटीला पाठ लावून, अंग चोरून, त्यांनी आत यायला वाट करून दिली.