विहिरीच्या झाकणावर मतदान

प्रभागाची सभा हल्ली इंटरनेटवर भरायची, आणि ती चालवायचं काम नगरपालिकेने एका निवृत्त प्राध्यापकांवर सोपवलं होतं. त्या दुपारी ते चष्मा पुसून संगणकासमोर बसले. विषय एकच होता. पाण्याची ओरड वाढली होती. तेव्हा चौकातली, कित्येक वर्षं लोखंडी झाकणाखाली बंद असलेली विहीर उघडायची का? उघडायची असेल त्याने पडद्यावर हात वर करायचा. सभेत येऊ पाहणाऱ्या कोणालाही बाहेर ठेवायचं नाही, असा पालिकेचा नियम होता.

त्यांची एकुलती एक मुलगी पाणी खात्यात इंजिनिअर. ती मजूर घेऊन विहिरीपाशीच उभी होती आणि फोनवरून सभेत आली होती.

"बाबा, आटपा लवकर. इथे उन्हात पापड झालाय आमचा!"

"अहो शंकासुर," शेजारचे वकील पडद्यावरच्या आपल्या चौकटीतून हसले, "मोजा की हात! का त्यावरही समिती नेमताय?"

प्राध्यापकांनी हात मोजले. थोडेच होते. त्यांना उगाचच हायसं वाटलं.

तेवढ्यात कोणीतरी आत येऊ पाहत असल्याची सूचना आली. त्यांनी आत घेतलं. नाव नव्हतं, चौकट काळीकुट्ट. मग आणखी एक. मग रीघच लागली. प्रत्येक चौकटीतून घुमल्यासारखा, ओलसर श्वास येत होता... आणि प्रत्येकीत हात वर होता.

"आपण... कुठले?"

"इथलेच," सगळ्या चौकटींतून एकच आवाज आला. "उघडा..."

प्राध्यापक घुटमळले. आपलंच काहीतरी चुकत असेल. आपल्या अंगावर काटा आला, म्हणून का लोकांचं मत नाकारायचं? "मंजूर," ते पुटपुटले, आणि गलका नको म्हणून मुलीखेरीज सगळ्यांचा आवाज त्यांनी बंद केला.

पहारी लागल्या. झाकण करकरत सरकलं.

त्याच क्षणी प्रत्येक काळ्या चौकटीत, अगदी वर, उजेडाची कोर उमटली. ती रुंदावत गेली. गोल आभाळ दिसू लागलं. ही माणसं कुठे बसून सभेला आली होती, ते प्राध्यापकांना कळलं.

"बाळा, मागे हो... मागे हो!"

पण ती वाकली होती. चौकटीचौकटीत तिचाच चेहरा, वरून डोकावणारा. मग त्या चौकटी एकेक करून विझल्या. त्यांतली एकच उरली.

"कोरडी ठाक आहे हो बाबा," फोनवरून तिचा आवाज आला. "झाकण परत बसवायला सांगितलंय. निघते मी."

तिच्या चौकटीत ऊन होतं, रस्ता होता. पण उरलेल्या त्या एका चौकटीत तिचा चेहरा तसाच होता, जवळ, फार जवळ. डोक्यामागची उजेडाची कोर बारीक होत चालली होती. ओठ हलत होते. बाबा... बाबा...

त्या चौकटीचा आवाज पुन्हा सुरू करायचं बटण त्यांना सापडेना.

कोर मिटली.

स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. "येताना काही आणू का, बाबा?" तिने विचारलं.