नाव घालून वाचलेला उतारा

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. मी शाळामास्तर माणूस, भुताखेतांना भीक घालणारा नव्हे. छप्पनचं साल. मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश होणार, म्हणून कचेऱ्या भोपाळला निघाल्या होत्या. आमच्या चर्चची निम्मी मंडळी बदलीवर गेली, पाळकसाहेबही गेले, आणि रविवारचा उपदेश माझ्या गळ्यात पडला.

श्रावणात माझा एकुलता एक मुलगा सुहास नदीवर राम घाटाजवळ बुडाला होता. त्याला चर्चमागच्या कबरस्तानात पुरलं. त्या दिवसापासून रजनी, माझी बायको, चर्चची पायरी चढली नव्हती. त्या शनिवारी मात्र ती म्हणाली, "उद्या येते. पण माझा पोरगा का नाही उठला, ते सांगा." मला सांगता आलं नसतं, तर ती देवाला आणि मला, दोघांनाही कायमची दुरावली असती. मी बायबलातला नाईन गावच्या विधवेचा उतारा काढला. तिरडीवरच्या मुलाला प्रभू उठ म्हणतो, तो उठून बोलू लागतो, आणि प्रभू त्याला आईच्या हवाली करतो.

आमचे जुने उपदेशक भय्यासाहेब, त्यांची एक रीत होती. उताऱ्यातल्या बिननावाच्या माणसाला ओळखीचं नाव द्यायचं आणि रिकाम्या चर्चमध्ये उभं राहून मोठ्यानं वाचायचं. मग म्हणे उतारा उलगडतो. "लेकिन मास्तर, नाव जिवंताचंच घालायचं," असं ते दर वेळी बजावायचे. का, ते मी कधी विचारलं नाही.

दिवेलागणीला मी एकटाच चर्चमध्ये उभा राहिलो. आभाळ भरलेलं, भिंतींना ओल्या चुन्याचा वास. वाचत वाचत तिरडीपाशी आलो. दुसरं नाव सुचेचना.

"सुहास... ऊठ."

काही झालं नाही. फक्त वास बदलला. घाटावरच्या शेवाळाचा वास आला. मग कबरस्तानाकडचं दार हळूच करकरलं... पुस्तक तसंच उघडं टाकून मी कसाबसा घरी आलो.

स्वयंपाकघरात तीन ताटं वाढलेली होती. रजनी हलक्या आवाजात कुणाशी तरी बोलत होती, मधेच थांबून ऐकत होती, हसत होती. मला कुणीच दिसलं नाही. तिसऱ्या पाटाखाली पाण्याचं थारोळं होतं.

दुसऱ्या दिवशी ती चर्चला आली, शेजारी एकाची जागा सोडून बसली. मास्तरांनी घर सावरलं, असं मंडळी म्हणाली. मला तो आजवर दिसला नाही की ऐकू आला नाही. फार वाईट वाटतं. पण हवाली तो आईच्याच केला होता ना.

आठ दिवसांनी धीर करून विचारलं, काय म्हणतो गं तो? रजनी पाट पुसता पुसता थांबली.

"म्हणतो, बाबांना सांग, तो उतारा पुन्हा मोठ्यानं वाचू नका... ती हाक मला एकट्यालाच नाही ऐकू आली."

कबरस्तानाकडचं दार मी त्याच दिवशी खिळे ठोकून बंद केलं. पण झाडायला येणारी अक्का अजून कुरकुरते. मंडळी तर पुढच्या दोन बाकांवरच मावते, मग मागच्या बाकांवर दर सोमवारी ही ओली माती कुठून येते?