सुईचा टोचा

साकीनाक्याच्या त्या गाळ्यात पाच वाजले की शेजारून वडे तळल्याचा वास यायचा आणि श्रुतिकाचं लक्ष घड्याळाकडे जायचं. सहाला शकुमावशींचं पाळणाघर बंद. मागच्या गल्लीतून चार वर्षांच्या स्वरदाला घ्यायचं आणि भांडुपचं घर गाठायचं, हा रोजचा नेम. जरा उशीर झाला की पोरगी दाराला नाक लावून रडायची, आणि ते रडणं श्रुतिकाला रात्रभर पुरायचं.

काम तसं सोपं. मिठाच्या पाण्याचे दोन कप्पे, मधे प्लास्टिकसारखा पातळ पडदा. पडद्याच्या एका अंगावर धन भार, दुसऱ्या अंगावर ऋण. तारा सरळ जोडल्या की मिठाचे भारित कण पडद्यातून जातात आणि मीटरचा काटा चढतो. तारा उलट्या केल्या की कण अडतात. एकेरी वाट म्हणा ना. पण पुरती बंद कधीच नाही, थोडी गळती राहतेच.

काशीराम हा तिथे तीस वर्षं काम करणारा जुना मिस्त्री. पडदा बसवण्याआधी तो त्याच्या कोपऱ्यात सुईचा एक टोचा मारायचा. त्याच्या उस्तादाची पद्धत. श्रुतिकाने ते पाहिलं आणि तिची सटकली. गळती जास्त म्हणून गिऱ्हाईक माल परत पाठवत होतं, आणि हा बाबा स्वतःच्या हाताने भोकं पाडत होता.

"काका, गळतंय ते पडद्यातून नाही, तुमच्या हातातून," ती मालकांसमोर बोलली. मालक हसले. काशीराम हसला नाही.

"वायंच गळती होयी, बाय," तो म्हणाला. "गेलेल्याक परत येवक वाट होयी."

"परत यायला वाट हवी म्हणे! हे गावच्या देवळात सांगा. इथे नको."

बोलायला नको होतं. पण जिभेला हाड कुठे असतं? म्हाताऱ्याने सुई टेबलावर ठेवली, स्टूल उचललं आणि दाराबाहेर, उंबऱ्यापासून हातभर लांब जाऊन बसला. मालक गेले तरी उठला नाही.

श्रुतिकाने न टोचलेला पडदा बसवला. तारा सरळ जोडल्या, काटा झकास चढला. उलट्या केल्या. शून्य. मीटरवर टिचकी मारली, तरी शून्यच. असं होत नसतं हे तिला ठाऊक होतं, पण जिंकलेल्या माणसाला शंका काढायची हौस नसते. तिने तारा पुन्हा सरळ केल्या.

तेवढ्यात एक मांजर आत आलं. काटा किंचित पुढे सरकला.

वड्यांचा वास आत येत होता आणि साचत होता. रिक्षांचा धूर आला, तोही तिथेच राहिला. पंखा फिरत असून डोळे चुरचुरायला लागले. मांजर उंबऱ्याशी गेलं, पंजा उचलला, आणि तो आतच टेकला. पुन्हा उचलला. पुन्हा आतच.

पावणेसहाला तिने पर्स घेतली आणि दाराशी गेली. पाय उचलला. कुणी धरलं नव्हतं, काही दुखत नव्हतं, पण पाय उंबऱ्याच्या आतच पडला. चार वेळा. आता मात्र ती घाबरली.

"काका, जरा हात द्या ना."

काशीराम तिच्याकडेच बघत होता. ऐकू आल्याचं चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

तिने वीज बंद केली. काटा होता तिथेच राहिला.

पाना लावून नट सोडवायला गेली. जिकडे फिरवावा तिकडे नट आवळतच गेला.

सुई उचलून तिने वरून पडद्यात खुपसली. गेली. ओढली, तर येईना.

फोन वाजला. "श्रुतिका, सहा वाजून गेले गं," शकुमावशी म्हणाल्या.

"मावशी, तिला तिथेच ठेवा. इकडे आणू नका."

"हॅलो? आवाजच येत नाहीये तुझा. थांब, मीच घेऊन येते तिला."

श्रुतिका दारात उभी राहून ओरडत राहिली. घसा बसला. गल्लीतून जाणाऱ्या एकानेही मान वळवली नाही.

मग मावशींचं बोट धरून स्वरदा येताना दिसली.

काशीराम उठला. तो वाट अडवेल असं श्रुतिकाला वाटलं. त्याने स्टूल उचलून बाजूला घेतलं.

"आवस आत आसा तुझी," तो पोरीला म्हणाला. "जा."

स्वरदाने धावत येऊन आईच्या पायांना मिठी मारली.

मागे टेबलावर काटा किंचित पुढे सरकला.