पाजलेलं बाळ
दुपारी भेटीची वेळ झाली की नवजात बाळांच्या विभागातल्या प्रत्येक काचेच्या पेटीपाशी कुणीतरी उभं राहायचं. कोपऱ्यातल्या पेटीपाशी मात्र फक्त मोठी सिस्टर. त्या बाळाची आई बाळंतपणातच गेली होती. बाप दाराच्या काचेतून बघायचा आणि पाठ फिरवायचा. सिस्टरचीही घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. म्हणून असेल, त्या ओंजळभर पोरात तिचा जीव अडकला.

बाळ दिवस भरायच्या आधीच आलेलं. नळीतून थेंब थेंब दूध, त्यात पोट सांभाळणाऱ्या चांगल्या जंतूंची चिमूटभर पूड. तरी पोट फुगायचं. सकाळीच डॉक्टर म्हणाले होते, उतार पडला नाही तर दूध बंद करावं लागेल. त्यांच्या आवाजात फारशी आशा नव्हती.

दूध द्यायच्या आधी नळीला सिरिंज लावून, पोटात मागचं काही उरलंय का ते बघायचं असतं. त्या दुपारी तिनं दट्ट्या मागे ओढला आणि तिचा हात थबकला.

घट्ट, पिवळं, कोमट. चीक. बाळंतिणीचं अगदी पहिलं दूध. या बाळाला मिळायचं ते दुसऱ्या आयांचं साठवलेलं, पांढरं, पातळ.

तिनं सगळ्यांना विचारलं. कुणीच पाजलं नव्हतं. नियमानं ते फेकायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. तिनं बाळाचं पोट चाचपलं. मऊ होतं. फुगवटा उतरला होता.

तिनं दट्ट्या हळूच पुढे ढकलला. चीक परत आत गेला. नोंदवहीत 'शिल्लक काही नाही' असं लिहिलं.

मग रोजच नळीत चीक यायला लागला. काचेवर आतून वाफ धरायची. बाळ रिकाम्या हवेकडे मान वळवून चुटूचुटू ओठ हलवायचं. अंग धरू लागलं. डॉक्टर म्हणाले, पूड लागू पडली.

घरी न्यायच्या दिवशी बापानं त्याला पहिल्यांदा छातीशी धरलं, हुंगलं आणि तसाच उभा राहिला.

"सिस्टर, याच्या अंगाला याच्या आईचा वास येतोय."

"न्या त्याला," ती म्हणाली. "एकटं ठेवू नका."

तिनं रिकामी पेटी पुसली. घरी आली. एकटीचं ताट वाढून घेतलं.

घास उचलवेना. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तरी पोट तुडुंब भरलेलं होतं.

ओठाच्या कडेला ओलसर लागलं, म्हणून तिनं बोट फिरवलं.

पिवळं होतं. अजून कोमट.