कानामागची पेन्सिल

"या घरात पेन्सिल जागेवर सापडेल तर शपथ!"

माई माझ्या कानाशीच पुटपुटल्या. चष्मा कपाळावर, हात फ्रिजच्या डोक्यावर चाचपडतोय.

मला हसू आलं. त्या दिवसातलं ते शेवटचं.

विश्वास ठेवा, नका ठेवू. मी तिथे होते, एवढंच सांगते. कॅरिबियन समुद्रातलं अमेरिकेचं बेट, सेंट क्रॉय. १९८९ चा सप्टेंबर. आणि रात्रबित्र काही नाही हं... भर दुपार होती.

घर माझ्या शैलाताईचं. लाकडी, पत्र्याच्या छपराचं. तिचे यजमान दिगंबर, म्हणजे आमचे दाजी, तिथल्या रिफायनरीत इंजिनिअर. माई त्यांच्या आई. साताऱ्याच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेल्या. मी तेव्हा अमेरिकेतच, एडिसन गावी साडीच्या दुकानात घड्या घालायचे. सुट्टी काढून आले होते.

का आले होते, ते कोणी बोलत नव्हतं.

मागल्या वर्षीच्या वादळात दाजी बोट बांधायला गेले. बोट मिळाली.

दाजी...

त्यांचं ताट मात्र रोज मांडलं जायचं. "दिगूला वांगं आवडतं," माई म्हणायच्या. 'आवडायचं' असं नाही. 'आवडतं'.

तिकडे वादळाचा माग घरोघरी काढायचे. सुपरमार्केटात नकाशा फुकट मिळायचा, तो फ्रिजवर चिकटवायचा. वादळ कुठल्या अक्षांश-रेखांशावर आहे ते रेडिओ सांगायचा, तिथे पेन्सिलीने फुली मारायची. आमच्याकडे हे काम दाजींचं. फुली मारायची, चुकली तर खोडायची, रबराचा चुरा फुंकायचा... आणि पेन्सिल कानामागे अडकवून चालू पडायचं. मग शोधा पेन्सिल!

आता फुल्या माई मारणार होत्या.

शेजारचा ऑगस्टीन पिकअप घेऊन येऊन गेला होता. शाळेची इमारत पक्की आहे, तिकडे चला, म्हणाला. माई हलेनात.

"दिगू आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

माईंना सोडून ताई हलेना. ताईला सोडून मी कुठे जाणार?

पेन्सिल काही सापडली नाही. शेवटी मी पर्समधली भुवयांची पेन्सिल दिली. तपकिरी.

"वादळालासुद्धा मेकअप," माई म्हणाल्या.

रेडिओ म्हणाला, सकाळी अठ्ठावन्न अंश पश्चिम, आता एकोणसाठ. माईंनी घरं मोजून दोन फुल्या मारल्या.

"बघ नीले, उजवीकडे सरकलं. आपण इकडे डावीकडे. लांब चाललंय ते! सांग त्या ऑगस्टीनला."

भूगोलाच्या बाईंना कोण शिकवणार? ताईने चहा टाकला. तो घेऊन आम्ही तिघी बाहेरच्या खोलीत बसलो.

दिवसभर आरवणारे कोंबडे गप्प झाले होते.

मग किडे.

मग वाराही...

खस्स...

स्वयंपाकघरातून.

खस्स... खस्स...

कागदावर रबर घासल्याचा आवाज.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. तिघी. घरात चौथं कुणी नव्हतं.

आणि मग...

फू.

ताईने बशी खाली ठेवली.

माई उठल्या. मागे ताई, ताईचा पदर धरून मी.

नकाशावरच्या तपकिरी फुल्या घासून पार पुसट झाल्या होत्या. शेजारी दोन नव्या फुल्या. शिसपेन्सिलीच्या, करड्या. कागद फाटेल इतक्या दाबून मारलेल्या.

आणि दिशा उलटी. वादळ लांब जात नव्हतं.

सरळ आमच्याकडे येत होतं.

आपल्या भारताच्या नकाशावर रेखांश डावीकडून उजवीकडे वाढतात. तिकडे उलटे, उजवीकडून डावीकडे. जन्माची सवय... माईंचा हात डावीकडूनच मोजत गेला होता.

ही चूक दाजींनी पूर्वी माझीही काढली होती. हसत. चुरा फुंकत.

शिसपेन्सिल घरभर शोधली. नव्हती.

पुढचं आधीच सांगून टाकते. दुसऱ्या रात्री ते घर राहिलं नाही. छप्पर गेलं, स्वयंपाकघराची भिंत गेली, फ्रिजचा तर पत्ताच नाही. आम्ही तिघी शाळेत होतो म्हणून हे लिहायला मी आहे. लोक म्हणतात, तुझ्या ताईनेच केलं असेल. अहो, ताईचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला होता! मग कोणी केलं? मला नाही माहीत. अजूनही कुणी रबर घासलं की माझी मान आपोआप वळते... आणि मी आधी त्याच्या कानामागे बघते.

तर, त्या दुपारी.

बाहेर ऑगस्टीनचा हॉर्न वाजला. फ्रिजखाली फरशीवर रबराचा चुरा पडला होता. ओला. माईंनी बोटावर घेतला, जिभेला लावला.

"खारट," म्हणाल्या.

मग टेबलावरचं दाजींचं ताट उचललं. धुतलं, पुसलं, पालथं घातलं. किल्ली घेतली.

ताई दारातच अडली. "पण माई, कुलूप... ते आले तर?"

माईंनी तिचा हात धरला. किती दिवसांनी धरला असेल, देव जाणे.

"लाव कुलूप, शैला," त्या म्हणाल्या. "माझा दिगू बुडाला गं."